सर्व्हर ४ सेकंदांत बदलतो, पण ईपीएबीएक्सला पत्ताच नसतो – सोलापूरहून मदत हवी आहे

होटगीकर · सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या एका रुग्णालयाची फोनयंत्रणा चार वर्षांपासून माझ्याकडे आहे. रुग्णालयाचं किंवा सामान पुरवणाऱ्यांचं नाव घेत नाही, घेण्याची गरजही नाही.

मांडणी अशी आहे. जुन्या इमारतीत ईपीएबीएक्स, म्हणजे रुग्णालयाचं स्वतःचं टेलिफोन एक्स्चेंज. बाहेरच्या दोन पीआरआय लाइन (प्रत्येकी ३० कॉल नेणाऱ्या डिजिटल लाइन) त्यात उतरतात, म्हणजे एका वेळी ६० कॉल. वॉर्डांतले तारेचे इंटरकॉमही त्यावरच. नव्या इमारतीत ८० आयपी फोन आहेत. ते, अपॉइंटमेंटचं आयव्हीआर (फोन आपोआप उचलून बटणं दाबायला सांगणारा आवाज) आणि रेकॉर्डिंग दोन ॲस्टरिस्क सर्व्हरवर चालतं. ॲस्टरिस्क म्हणजे फोन जोडणारं सॉफ्टवेअर. त्यांना ए आणि बी म्हणू. दोघांवर कीपअलाइव्ह्ड (एक सर्व्हर बंद पडला की पत्ता दुसऱ्याकडे नेणारा प्रोग्राम) बसवून एक सामायिक आयपी पत्ता केलाय, १०.१०.२०.५, पुढे नुसतं .५ म्हणतो. एचा स्वतःचा .६, बीचा .७. ईपीएबीएक्सची सिप ट्रंक, म्हणजे नेटवर्कवरून कॉल नेणारी जोडणी, .५ कडे जाते.

आता त्रास. ए बंद पडला की बी ४ सेकंदांच्या आत .५ उचलतो. माझ्या लॅपटॉपवरून पिंग केलं तर तीन-चार पिंग चुकतात आणि लगेच सुरळीत. पण ईपीएबीएक्सला .५ दिसतच नाही. पहिला दीड मिनिट बाहेरून फोन करणाऱ्याला नुसती शांतता, त्यानंतर ट्रंक लाल होते आणि लगेच एंगेज टोन. मग कधीतरी, कुणी हात न लावता, ट्रंक हिरवी. तीन महिन्यांत पाच वेळा झालं, त्यातल्या दोन वेळा माझ्याच चाचण्या. वेळा वहीत लिहून ठेवल्यात: ११ मिनिटं, ३, १९, ७ आणि १६.

नव्या इमारतीतले काही आयपी फोनही अशा वेळी मुके होतात, पण तो वेगळा विषय असावा.

ईपीएबीएक्सवाले म्हणतात दोष सर्व्हरमध्ये. सर्व्हर बसवणारे म्हणतात आमचा पत्ता ४ सेकंदांत हलतो, पुढचं तुम्ही बघा. दोघंही आपापल्या जागी खरंच बोलत असावेत. पण त्या ११ मिनिटांच्या वेळी मोहोळकडून बाळंतिणीला घेऊन निघालेले नातेवाईक सारखा फोन लावत होते. शेवटी न कळवताच येऊन थांबले. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. तरी ती ११ मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत. जानेवारीत गड्ड्याची यात्रा, तेव्हा गावात बाहेरची माणसं येतात आणि फोनही वाढतात. त्याआधी हे मिटवायचंय. कुठून सुरुवात करू?

जुळे_सोलापूर · सोमवार, रात्री ११.०५

कीपअलाइव्ह्डमध्ये व्हर्च्युअल राउटर आयडी, म्हणजे सर्व्हरच्या जोडीचा ओळख क्रमांक, किती ठेवलाय? ५१ असेल तर आधी तो बदला. नमुन्याच्या फाइलमध्ये ५१ असतो आणि सगळे तोच उतरवून घेतात. त्याच लॅनवर दुसरं कुणी ५१ वापरत असेल तर दोन घरांना एकच दारपाटी लावल्यासारखं होतं.

होटगीकर · मंगळवार, सकाळी ९.१५

५१ च होता! आता ७३ केलाय. पण आमच्या लॅनवर व्हीआरआरपी (कीपअलाइव्ह्ड ज्यावर चालतो तो प्रोटोकॉल) वापरणारं दुसरं काही सापडलं नाही, आणि रात्री चाचणी घेतली तर तेच. या वेळी १४ मिनिटं.

पुणेरी_पॅच · मंगळवार, सकाळी १०.००

सर्व्हरवरचं फायरवॉल ११२ नंबरचा प्रोटोकॉल अडवत नाही ना? व्हीआरआरपी टीसीपीही नाही आणि यूडीपीही नाही, हे विसरून लोक पोर्ट उघडत बसतात. अडला तर ए आणि बी दोघंही स्वतःला मालक समजतात आणि .५ दोन ठिकाणी दिसतो.

होटगीकर · मंगळवार, सकाळी १०.२०

तपासलं. एका वेळी एकाकडेच .५ असतो.

निवृत्त_एक्स्चेंज · मंगळवार, दुपारी १२.३०

होटगीकर, मी टेलिफोन खात्यात क्रॉसबार एक्स्चेंजपासून डिजिटलपर्यंत सगळ्यांवर काम केलंय. सोलापुरात नव्हे, पण पंढरपूर-बार्शी भागात बरीच वर्षं होतो. तुमच्या नेटवर्कच्या नव्या गोष्टी मला पूर्ण येत नाहीत. एक गोष्ट मात्र सांगतो. तुम्ही सगळं सर्व्हरच्या बाजूने बघताय. सर्व्हर म्हणतो मी तयार, लॅपटॉप म्हणतो दिसतोय. पण फोन कोण लावतोय? ईपीएबीएक्स. मग त्याच्या तारेवर काय जातंय ते बघा. आमच्याकडे ट्रंकची तक्रार आली की दोन्ही टोकांना माणूस बसायचा आणि दोघं एकाच वेळी ऐकायचे. मधल्या माणसाच्या सांगण्यावर कुणी काही ठरवत नसे.

तुमच्या दीड मिनिटाच्या शांततेचा हिशेब मात्र जुळतो. सिपमध्ये, म्हणजे २००२ च्या आरएफसी ३२६१ या नियमपत्रात, इन्व्हाइटला (कॉल सुरू करायच्या संदेशाला) उत्तर आलं नाही तर तो पुन्हा पाठवायचा असतो. आधी अर्ध्या सेकंदाने, मग दर वेळी दुप्पट थांबून. असे एकूण सात जातात आणि ३२ सेकंदांनी तो प्रयत्न सोडतो. तेवढा वेळ समोरच्याला काहीच ऐकू येत नाही. आणि ईपीएबीएक्स ठरावीक वेळाने ऑप्शन्स पाठवून ट्रंक जिवंत आहे का ते बघत असेल. किती वेळाने ते विचारून घ्या.

होटगीकर · मंगळवार, दुपारी १.१०

काका, बरोबर. दर ३० सेकंदांनी, आणि तीन चुकले की लाल. म्हणजे दीड मिनिट.

रिसेप्शनताई · मंगळवार, दुपारी २.४५

मी रुग्णालयाच्या बोर्डावर १७ वर्षं बसते, दुसऱ्या एका. तुमच्या तांत्रिक गोष्टींत बोलू का नको असं झालं होतं, पण बोलतेच.

३२ सेकंद कुणी थांबत नाही हो. घरात माणूस तडफडत असताना तर नाहीच. सात-आठ सेकंद शांतता झाली की ठेवतात आणि परत लावतात, परत ठेवतात. त्यात एंगेज लागला की समजतात फोन चालू आहे, पण कुणीतरी बोलत बसलंय. मग आमच्यावर राग. तुम्ही दोष शोधा, जरूर शोधा. पण तोपर्यंत ट्रंक लाल झाली की कॉल सरळ ऑपरेटरच्या टेबलावर वाजेल असं करता येत नाही का? माझ्याकडे तसं आहे. आयव्हीआर गेलं की माझा फोन वाजतो. दमछाक होते, पण कुणी रिकाम्या हाताने परत जात नाही.

निवृत्त_एक्स्चेंज · मंगळवार, दुपारी ३.००

ताईंनी लाखाची गोष्ट सांगितली. याला पर्यायी रूट म्हणतात, बहुतेक ईपीएबीएक्समध्ये असतो. होटगीकर, आज संध्याकाळी हे करा, बाकीचं उद्या.

होटगीकर · मंगळवार, संध्याकाळी ७.३०

केलं. ट्रंक लाल असेल किंवा ६ सेकंदांत उत्तर आलं नाही तर कॉल ऑपरेटरच्या गटात. ताई, चार वर्षांत हे मला सुचलं नाही आणि मला कुणी सांगितलंही नाही. मनापासून आभार.

ढगातला_माणूस · मंगळवार, रात्री ९.००

एवढा खटाटोप कशाला? सगळं क्लाउडवर हलवा. सर्व्हर सांभाळायची कटकटच नको.

जुळे_सोलापूर · मंगळवार, रात्री ९.२०

क्लाउडला माझा विरोध नाही, पण रुग्णालयाच्या आतल्या फोनसाठी नको. आमच्या भागात ड्रेनेजसाठी रस्ता खणला की फायबर तुटते आणि दुपार जाते. आयसीयूमधून रक्तपेढीत लावलेला फोन त्याच इमारतीत राहिला पाहिजे. त्याने बाहेर जाऊन परत का यावं?

ढगातला_माणूस · मंगळवार, रात्री ९.३५

आतल्या कॉलबद्दल मान्य. मी फक्त अपॉइंटमेंटच्या आयव्हीआरचा विचार करत होतो.

पुणेरी_पॅच · मंगळवार, रात्री ९.५०

कीपअलाइव्ह्ड फक्त पत्ता हलवतो. सेवा चालू-बंद करणं आणि बिघडलेल्या सर्व्हरची वीज तोडणं, हे सगळं नीट हवं असेल तर पेसमेकर आणि कोरोसिंक ही सॉफ्टवेअर लावा.

रिसेप्शनताई · मंगळवार, रात्री ९.५५

रुग्णालयात पेसमेकर बसवा म्हणताय तर आधी हृदयविभागाला विचारायला लागेल! 😊

पुणेरी_पॅच · मंगळवार, रात्री १०.००

😄 ताई, हा सर्व्हरच्या हृदयाचा. ठोका चुकला की दुसऱ्याला उठवतो. काम तेच.

मागवाला · मंगळवार, रात्री १०.३०

मी तंत्रज्ञ नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे माग आहेत आमचे, ऑफिसात एक छोटा ॲस्टरिस्क आहे म्हणून वाचत होतो. मला एक विचारायचंय. बीला कसं कळतं की ए बसला?

मागावर उभ्या प्रत्येक धाग्यावर एक पातळ पट्टी अडकवलेली असते. धागा तुटला की पट्टी खाली पडते, खालचं सर्किट जुळतं आणि माग जागच्या जागी थांबतो. मोटर फिरतेय का, हे ती बघत नाही. मोटर तर फिरतच असते, पण तुटका धागा घेऊन मीटरभर कापड वाया गेलेलं असतं. तुमचा बी मोटर बघतो की धागा?

होटगीकर · मंगळवार, रात्री १०.५०

अण्णा, प्रश्न अगदी वर्मावर लागला. आत्ता फाइल उघडून बघितली. तपासणीत फक्त ॲस्टरिस्कची प्रोसेस जिवंत आहे का एवढंच आहे. म्हणजे मोटर. प्रोसेस जिवंत असून आत अडकून पडली असेल तर बी स्वस्थ बसेल. तपासणीत आता सिपचा ऑप्शन्स पाठवून उत्तर येतं का ते बघणार. सलग दोनदा चुकलं तरच बदल, नाहीतर उगाच ए-बी झोके घेत बसतील.

पॅकेटवाली · बुधवार, सकाळी ७.१०

उशिरा वाचला धागा. होटगीकर, तुमच्या वहीतल्या वेळा परत बघा: ११, ३, १९, ७, १६ आणि आता १४. काही दिसतं? एकदाही २० च्या पुढे गेलेलं नाही. आणि २० च्या आत कुठेही पडतंय, काही ठरावीक नाही.

आधी एक विचारते. ट्रंक हिरवी झाली तेव्हा बी चालूच होता की तोवर ए परत आला होता?

होटगीकर · बुधवार, सकाळी ८.००

प्रत्येक वेळी बीच. एच्या पॉवर सप्लायचा दोष होता, तो तासा-दोन तासांनी चालू करायचो. सप्लाय आता बदललाय. आणि हो, ए परत आला की पुन्हा हाच खेळ व्हायचा, ते लिहायचं राहिलं.

पॅकेटवाली · बुधवार, सकाळी ८.४०

मग माझा संशय एआरपीवर आहे, म्हणजे आयपी पत्ता कुठल्या उपकरणाकडे आहे हे लॅनवर विचारायच्या पद्धतीवर. जरा सविस्तर लिहिते, कारण दोन्ही कंपन्या खरं बोलूनही फोन का लागत नाही ते यात आहे.

लॅनवर पॅकेट आयपी पत्त्यावर जात नाही, मॅक पत्त्यावर, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकावर जातं. ईपीएबीएक्स एकदाच विचारतो, ".५ कोणाकडे?" ए म्हणतो, "माझ्याकडे, हा माझा मॅक." ईपीएबीएक्स ते लिहून ठेवतो आणि पुढे न विचारता सगळं एच्या मॅकवर पाठवत राहतो. ए मेला, .५ बीकडे गेला, तरी त्याच्या वहीत एचाच मॅक. पॅकेट मेलेल्या सर्व्हरच्या दाराशी जाऊन पडतात.

यावर उपाय म्हणून बी पत्ता उचलताच न विचारता सगळ्यांना ओरडून सांगतो, ".५ आता माझ्याकडे." तुमच्या लॅपटॉपने ते ऐकलं, म्हणून तुमचं पिंग लगेच सुरू झालं. पण काही उपकरणं असं न मागता आलेलं उत्तर मानत नाहीत. खोटं बोलून कुणी पत्ता पळवू नये म्हणून.

आणि २० मिनिटं? बीएसडी या युनिक्स घराण्यातल्या नेटवर्क कोडमध्ये एआरपीची नोंद १२०० सेकंद टिकते. कितीतरी उपकरणांच्या पोटात तोच कोड असतो. नोंद जुनी होऊन पुसली जाते, ईपीएबीएक्स पुन्हा विचारतो, बी उत्तर देतो, ट्रंक हिरवी. ए पडला तेव्हा नोंदीचं वय जितकं असेल, तितकी २० मधून वजा. म्हणून कधी ३, कधी १९.

हा तर्क आहे, पुरावा नाही. ईपीएबीएक्स ज्या लॅन स्विचच्या पोर्टला आहे त्या पोर्टची नक्कल दुसऱ्या पोर्टवर काढा, तिथे लॅपटॉप लावून टीसीपीडंप (पॅकेट पकडून दाखवणारा प्रोग्राम) चालवा आणि पॅकेटवर पाठवायचा मॅक कुणाचा लिहिलाय ते बघा. काकांनी काल हेच सांगितलं होतं, त्याच्या तारेवर ऐका म्हणून.

निवृत्त_एक्स्चेंज · बुधवार, सकाळी ९.०५

शाब्बास पोरी. वहीत वेळा लिहून ठेवल्या म्हणून हे दिसलं. होटगीकरांचंही कौतुक.

पुणेरी_पॅच · बुधवार, सकाळी १०.१५

तर्क पटला, पण मग सामायिक पत्ताच का हवा? ईपीएबीएक्समध्ये दोन ट्रंक करा, एक .६ कडे, दुसरी .७ कडे. ऑप्शन्सला जी उत्तर देईल तिच्यावर कॉल. पत्ता हलत नाही तर एआरपीचा प्रश्नच उरत नाही.

पॅकेटवाली · बुधवार, सकाळी १०.४०

ट्रंकपुरतं तुमचं बरोबर आहे, मीही कधी कधी तसंच करते. पण इथे तीन ऑप्शन्स चुकायला दीड मिनिट लागतं, आणि दोन ट्रंक असल्या तरी तेवढा वेळ जाणारच. शिवाय ८० आयपी फोन .५ वरच आहेत, त्यांच्यासाठी सामायिक पत्ता ठेवावाच लागेल. एकाच रुग्णालयात दोन पद्धती ठेवल्या की रात्री अडीचला कुणीतरी गोंधळतो.

पुणेरी_पॅच · बुधवार, सकाळी १०.५०

ऑप्शन्सचा वेळ १० सेकंदांवर आणता येतो की. पण फोनचं पटलं. दोन पद्धती नकोत.

होटगीकर · गुरुवार, पहाटे ३.४०

झोपायच्या आधी लिहितो. वैद्यकीय अधीक्षकांची परवानगी घेऊन अडीचला चाचणी केली. ऑपरेटर जागे, पर्यायी रूट चालू, आयसीयू आणि अपघात विभागाला मोबाइल नंबर देऊन ठेवले. सेवा बंद केली नाही, एची लॅन केबल उपटली.

पॅकेटवाली, तुमचा शब्दन् शब्द खरा ठरला. बीने ओरडून सांगितलेली पॅकेट ईपीएबीएक्सच्या पोर्टपर्यंत पोचली. आधी पाच, मग ५ सेकंदांनी आणखी पाच. माझ्या डोळ्यांसमोर. आणि त्यानंतरही ईपीएबीएक्सचा प्रत्येक ऑप्शन्स एच्या मॅकवर जात होता. नवव्या मिनिटाला त्याने स्वतः विचारलं, ".५ कोणाकडे?" बीने उत्तर दिलं आणि त्याच सेकंदाला ट्रंक हिरवी.

तीन महिने ज्याच्यामागे लागलो होतो ते लॅपटॉपच्या पडद्यावर चार ओळींत दिसलं. बाहेर पायरीवर बसलो तर वॉचमनने चहा आणून दिला.

मागवाला · गुरुवार, सकाळी ६.३०

धागा सापडला म्हणायचा. आता गाठ कशी मारायची?

पॅकेटवाली · गुरुवार, सकाळी ९.००

दोन गाठी आहेत. एक आजची, एक कायमची.

आजची: बी मालक होताच चालणारी एक छोटी स्क्रिप्ट लावा. तिने .५ च्या नावाने ईपीएबीएक्सला सरळ एआरपी प्रश्न विचारायचा, "तू कुठे आहेस?" एआरपीच्या मूळ नियमात, म्हणजे १९८२ च्या आरएफसी ८२६ मध्ये, प्रश्न विचारणाऱ्याचा पत्ता वहीत आधीच असेल तर तिथला मॅक बदलून घ्यायचा असं लिहिलंय. न मागितलेलं उत्तर न मानणारी काही उपकरणं प्रश्न मात्र मानतात. करून बघा.

कायमची: मॅक बदलूच द्यायचा नाही. व्हीआरआरपीच्या मूळ कल्पनेत सामायिक पत्त्याला स्वतःचा सामायिक मॅक असतो, ००-००-५ई-००-०१ आणि पुढे राउटर आयडी. तुमचा आयडी ७३, हेक्समध्ये ४९, म्हणजे शेवट ४९. पण कीपअलाइव्ह्ड नेहमीच्या सेटिंगमध्ये हा वापरत नाही, सर्व्हरचा खरा मॅकच वापरतो. यूज_व्हीमॅक ही एक ओळ टाकली की .५ सोबत मॅकही हलतो. ईपीएबीएक्सच्या वहीत काही बदलायची गरजच उरत नाही. मॅक आता कुठल्या पोर्टवर आहे हे लॅन स्विच स्वतः शिकतो.

जपून मात्र. स्विचवर एका पोर्टला एकच मॅक असं बंधन असेल तर तो पोर्ट बंद पडेल. आणि ए-बीचं एकमेकांशी बोलणं तुटून दोघं मालक झाले तर एकच मॅक दोन पोर्टवर उड्या मारेल, ते आत्तापेक्षा वाईट. म्हणून दोघांमधला रस्ता पक्का हवा.

व्हीएमवाला · गुरुवार, सकाळी ११.३०

दोन्ही सर्व्हर व्हर्च्युअल मशीन असतील तर आणखी एक. हायपरव्हायझर (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम) अनोळखी मॅकवरून निघालेलं पॅकेट अडवू शकतो, तिथे आधी परवानगी द्यावी लागते. मी पूर्ण दिवस यात घालवलाय.

होटगीकर · गुरुवार, दुपारी १२.००

दोन्ही खरे डबे आहेत. पण एकाच रॅकमध्ये, एकाच लॅन स्विचवर आणि एकाच यूपीएसवर आहेत. तुम्ही लोक विचारायच्या आधी मीच कबूल करतो.

जुळे_सोलापूर · गुरुवार, दुपारी १२.१५

मग दोन सर्व्हरचा उपयोग निम्माच. बी दुसऱ्या यूपीएसवर घ्या, आजच. आणि अवांतर: सर्व्हरच्या खोलीत एसी किती? मेमध्ये सोलापूर ४४ अंशांवर गेलं की एक एसी बंद पडल्यावर अर्ध्या तासात त्या खोलीत उभं राहवत नाही. तुमच्या एचा पॉवर सप्लाय खोलीतल्या उष्णतेनेही गेला असेल.

होटगीकर · गुरुवार, दुपारी १२.३०

एकच एसी. दुसऱ्याची मागणी आज लेखी देतो.

होटगीकर · रविवार, पहाटे ४.१०

स्क्रिप्ट शुक्रवारी लावली, चालली. आज व्हीमॅक लावला. एची केबल उपटली, ४ सेकंदांत बी, आणि ट्रंक लाल झालीच नाही. बाहेरून माझ्या मोबाइलवरून आयव्हीआर लागलं. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा.

पण आनंद पाच मिनिटं टिकला. बी मालक असताना नव्या इमारतीतून वॉर्डात फोन लावला तर ईपीएबीएक्स ४०३, म्हणजे नकार देतो. वॉर्डातून नव्या इमारतीत लावला तर काही फोन वाजतात, काही "उपलब्ध नाही". ए परत आणला की ४०३ जातो.

पॅकेटवाली · रविवार, सकाळी ९.३०

४०३ च्या इन्व्हाइटवर कुठून आला म्हणून कोणता पत्ता आहे? .५ की .७?

होटगीकर · रविवार, सकाळी ९.५०

.७! आणि ए असताना .६. म्हणजे .५ वरून कधी निघतच नव्हतं?

पॅकेटवाली · रविवार, सकाळी १०.१०

नव्हतं. ॲस्टरिस्क सगळ्या पत्त्यांवर ऐकत असला की बाहेर पाठवताना कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) सर्व्हरच्या मूळ पत्त्यावरून पाठवतो. एला चालत होतं याचा अर्थ ईपीएबीएक्सच्या मान्य यादीत .६ आहे. दोन सर्व्हरची जोडी व्हायच्या आधी कुणीतरी एकट्या एवर चाचणी घेतली असेल आणि नोंद तशीच राहिली असेल.

.७ यादीत टाकला तर आज सुटेल, पण तसं करू नका. पीजेसिपचा (ॲस्टरिस्कमधल्या सिपच्या भागाचा) ट्रान्सपोर्ट .५ वर बांधा. बीकडे .५ नसतानाही ॲस्टरिस्क सुरू व्हायला हवा, म्हणून कर्नलमध्ये आयपी_नॉनलोकल_बाइंड १ करा, दोन्ही सर्व्हरवर. आवाजासाठीही मीडिया_ॲड्रेस .५ द्या आणि आरटीपी (आवाजाची पॅकेट) त्यावरच बांधा, नाहीतर घंटी वाजेल, आवाज एका बाजूनेच येईल. मग ईपीएबीएक्सच्या यादीतून .६ काढून टाका. जुनी नोंद काढली नाही तर ती पुन्हा कुणाला तरी फसवेल.

पुणेरी_पॅच · रविवार, सकाळी १०.३०

आणि "उपलब्ध नाही" हे रजिस्ट्रेशनचं. फोन कुठे आहेत ही नोंद एच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये असते, बीला ती माहीतच नाही. फोनने पुन्हा नोंद केली की कळतं, पण मुदत सहसा ३६०० सेकंद. म्हणजे तासभरात कधीतरी. जे वाजले त्यांनी योगायोगाने नुकतीच नोंद केली असणार.

होटगीकर · रविवार, सकाळी १०.४५

पहिल्या पोस्टमध्ये मीच लिहिलं होतं, आयपी फोनचं वेगळं असावं म्हणून. मुदत १२० सेकंद करतो. ८० फोन म्हणजे सेकंदाला एकही विनंती पडत नाही, सर्व्हरला जाणवणारही नाही.

निवृत्त_एक्स्चेंज · रविवार, सकाळी ११.००

आणखी एक. ए दुरुस्त होऊन आला की तो लगेच मालकी परत घेतो का? घेऊ देऊ नका. दुपारी १२ ला गर्दीत तो उठला आणि चाललेले सगळे कॉल तुटले, असं नको. परत आणायचं ते रात्री, माणसाच्या हाताने.

पुणेरी_पॅच · रविवार, सकाळी ११.१०

कीपअलाइव्ह्डमध्ये त्याला नोप्रीएम्प्ट म्हणतात. त्यासाठी दोन्ही सर्व्हरवर सुरुवातीची अवस्था बॅकअप लिहावी लागते, नाहीतर ते लागू होत नाही.

होटगीकर · बुधवार, रात्री ११.२०

दहा दिवसांनी लिहितोय. वर सांगितलेलं सगळं केलं. बी दुसऱ्या यूपीएसवर आणि दुसऱ्या लॅन स्विचवर गेला.

काल संध्याकाळी ६ ला चाचणी नसताना खरंच झालं. जुन्या इमारतीत एमसीबी ट्रिप झाला आणि एचा यूपीएस दहा मिनिटांत रिकामा झाला. मी तेव्हा सात रस्त्यावर सिग्नलला उभा होतो. मोबाइलवर संदेश आला, गाडी बाजूला घेऊन रुग्णालयाचा नंबर लावला. पहिल्या घंटीला आयव्हीआर. मग वॉर्ड, वॉर्डातून नवी इमारत, सगळं. ऑपरेटरना काही झालंय हेच माहीत नव्हतं.

एक गोष्ट मात्र राहिली. त्या क्षणी १४ कॉल चालू होते, ते तुटले. यावर काही उपाय?

पॅकेटवाली · बुधवार, रात्री ११.४०

तुमच्या मांडणीत नाही. चालू कॉलची स्थिती ॲस्टरिस्क दुसऱ्या सर्व्हरला देत नाही. ए गेला की ते कॉल गेले. पण ते १४ नंबर ईपीएबीएक्सच्या नोंदीत असतात. बदल झाला त्या मिनिटाला चालू असलेल्या बाहेरच्या कॉलची यादी काढून ऑपरेटरकडे पाठवा, त्या उलट फोन करतील.

होटगीकर · गुरुवार, सकाळी ८.३०

स्क्रिप्ट लिहिली. बी मालक झाला की ईपीएबीएक्सच्या नोंदीतून नंबर उचलून ऑपरेटरच्या संगणकावर यादी उघडते. परवाच्या १४ पैकी ११ जणांना आज सकाळी फोन झाले. दोघांना अपॉइंटमेंट मिळाली नव्हती, ती दिली.

रिसेप्शनताई · गुरुवार, सकाळी ९.००

फार चांगलं केलंत. एवढंच करा, यादी संगणकावर नको, प्रिंटरवर काढा. बोर्डावर फोन वाजत असताना संगणकाकडे बघायला होत नाही. कागद हाताखाली असला की एकेक खोडत जाता येतं, आणि पाळी बदलली तर पुढचीला देता येतो.

होटगीकर · गुरुवार, सकाळी ९.१०

आज संध्याकाळपर्यंत प्रिंटर जोडतो, ताई.